लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांचा गट : उभा कसा करायचा, वर्षानुवर्षे चालवायचा कसा

मराठीच्या तासाला धडा वाचला जातो, प्रश्नोत्तरं होतात, व्याकरण होतं. लेखन मात्र बहुतेक वर्गांत गृहपाठात जातं. ‘माझी आई’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ असा विषय फळ्यावर येतो, मुलं गाईडमधून उतरवून आणतात, शिक्षक लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून सही करतात. यात शिक्षकांचा आळस नाही. मुलाला कोऱ्या कागदापासून स्वतःच्या चार ओळींपर्यंत कसं आणावं, हे डी.एड. किंवा बी.एड.च्या काळात फार थोड्यांना कुणी करून दाखवलेलं असतं. पुढे सेवेत आल्यावर प्रशिक्षणं होतात, चार दिवस उत्साह टिकतो, आणि वर्गात आपण पुन्हा एकटेच असतो.

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाची, शिक्षण परिषद असतेच, असं कुणी म्हणेल. ती हवीच. पण तिथे सगळ्या विषयांचे, सगळ्या इयत्तांचे शिक्षक असतात, परिपत्रकं असतात, भरायची माहिती असते. एका मुलाच्या एका पानावर अर्धा तास बोलायला तिथे जागा नसते. त्यासाठी वेगळा, लहान, फक्त लेखनावर बोलणारा गट लागतो.

असे गट जगात फार पूर्वीपासून चालत आले आहेत. १९७४ साली जेम्स ग्रे यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवारात ‘बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट’ सुरू केला. ग्रे स्वतः आधी माध्यमिक शाळेत शिकवायचे. त्यांची भूमिका साधी होती : शिक्षकाला सर्वांत चांगलं शिक्षकच शिकवू शकतो, आणि लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहिलं पाहिजे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षक काही आठवडे एकत्र येत, लिहीत, लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवत, आपला एखादा जमलेला पाठ बाकीच्यांसमोर घेत. सुट्टी संपल्यावरही ते भेटत राहिले. पुढे यातूनच अमेरिकाभर पसरलेला ‘नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट’ उभा राहिला. तिथला पैसा आणि विद्यापीठाचा आधार आपल्याकडे नाही. पण त्या कामाचा गाभा असलेल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही : शिक्षकांनी लिहिणं आणि मुलांचं लेखन एकत्र बसून वाचणं. खाली जे सांगतो आहे, ते सगळं या दोन गोष्टींभोवती आहे.

पायरी १ : माणसं जमवणं

पाच ते आठ जण पुरेत. त्याहून जास्त झाले की प्रत्येकाच्या वहीची पाळी येत नाही, आणि ज्याची वही निघत नाही तो तिसऱ्या महिन्यापासून येणं सोडतो. चारपेक्षा कमी असतील तर एकाच्या रजेने बैठक बारगळते. दुचाकीवरून अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येईल अशा शाळांमधले शिक्षक निवडा. एकाच केंद्रातले असले तर सोय होते, पण केंद्राची सीमा पाळायलाच हवी असं नाही.

इयत्ता मिसळलेल्या असू द्या, याबद्दल माझा आग्रह आहे. दुसरीच्या बाई, पाचवीचे गुरुजी आणि दहावीला मराठी शिकवणारे सर एका सतरंजीवर बसले, की दहावीच्या सरांना कळतं ‘मला काही सुचत नाही’ हे वाक्य मुलाच्या तोंडी कोणत्या इयत्तेत येतं. दुसरीच्या मुलाला ते माहीतच नसतं. जिल्हा परिषद, नगरपालिका, खासगी अनुदानित, आश्रमशाळा असा भेद ठेवू नका.

निमंत्रण मोघम देऊ नका. ‘लेखनकौशल्य विकासासाठी मंच स्थापन करत आहोत’ असा निरोप वाचून कुणी येत नाही. समोरच्याला फोन करून म्हणा, ‘मॅडम, तुमच्या चौथीतल्या दोन मुलांनी लिहिलेलं घेऊन शनिवारी याल का? मीही माझ्या वर्गातलं आणतो. बसून वाचू.’ आधी एक माणूस मिळवा, मग दोघांनी मिळून तिसरा. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांना आधीच सांगून ठेवा. परवानगीपेक्षा त्यात विश्वासाचा भाग मोठा आहे, कारण शाळेची खोली, शनिवारची किल्ली आणि कधीतरी झेरॉक्स त्यांच्याच हाती असतं. मात्र गट कुणा अधिकाऱ्याच्या अखत्यारीत नसावा. तो अहवालाच्या रकान्यात गेला की हजेरी सुरू होते आणि मोकळेपणा संपतो.

पायरी २ : दिवस ठरवणं

शनिवारी बहुतेक शाळा सकाळच्या असतात. शाळा सुटल्यावर साडेबारा ते तीन ही वेळ सर्वांना जमते. महिन्यातला एकच ठरलेला शनिवार धरा आणि तो बदलू नका. ‘सगळ्यांच्या सोयीने ठरवू’ म्हटलं की बैठक होत नाही.

बारा बैठकांचा हट्ट धरू नका. ऑक्टोबरमध्ये पहिली संकलित चाचणी आणि दिवाळीची सुट्टी, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, एप्रिलमध्ये दुसरी संकलित चाचणी. मधेच निवडणुकीचं किंवा सर्वेक्षणाचं काम येतं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी या सहा बैठका नक्की धरा आणि एप्रिल संपताना एक मोठी. डबे घरून आणा, चहा आळीपाळीने.

पायरी ३ : बैठकीची सुरुवात स्वतःच्या लिहिण्याने

पहिली पंचवीस मिनिटं सगळ्यांनी लिहायचं. बोलायचं नाही, फोन पिशवीत. विषय त्या महिन्याच्या यजमान शिक्षकाने द्यायचा, आणि तो असा हवा की ज्याला गाईडमध्ये उत्तर नाही : घरातली एक वस्तू जी कुणी टाकू देत नाही, पहिल्या नेमणुकीच्या गावातली पहिली रात्र, आज शाळेत येताना रस्त्यात दिसलेलं, ज्याच्याशी बोलणं राहून गेलं असा माणूस. मग वीस मिनिटं वाचून दाखवायचं. ज्याला वाचायचं नाही त्याने ‘पुढे’ म्हणायचं, कारण विचारायचं नाही. ऐकणाऱ्यांनी एवढंच सांगायचं की कोणतं वाक्य, कोणती गोष्ट मनात राहिली. सुधारणा सुचवायची नाही, ‘छान’ म्हणूनही सोडून द्यायचं नाही.

हा भाग अनेकांना अनावश्यक वाटतो. ‘आपण कशाला लिहायचं, शिकवायचं तर मुलांना आहे,’ असं पहिल्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच. तरी तो सोडू नका. आपल्यातले बरेच जण वर्षानुवर्षं अहवाल, टाचण आणि अर्ज याखेरीज काही लिहीत नाहीत. लिहायला बसल्यावर पहिली ओळ किती वेळ येत नाही, आलेली ओळ खोडावीशी का वाटते, दुसऱ्यासमोर वाचताना आवाज का बदलतो, हे शरीराला आठवल्याशिवाय वर्गात मुलाला ‘चला, दहा मिनिटांत दहा ओळी’ म्हणणं थांबत नाही. ज्या शिक्षकाने गेल्या शनिवारी स्वतः अडखळत लिहिलं, तो सोमवारी फळ्यावर विषय लिहून खुर्चीत बसत नाही. मुलांशी विषयावर आधी बोलतो, त्यांना आठवायला वेळ देतो, स्वतःही वही उघडतो. गटाचा सगळ्यात मोठा परिणाम मला इथे दिसतो.

पायरी ४ : मुलांचं एक पान, सगळ्यांनी मिळून

बैठकीचा मध्य हा आहे. त्याला पाऊण ते एक तास द्या आणि एका वेळी एकच पान घ्या, फार तर दोन. पान आणणाऱ्या शिक्षकाने मुलाचं नाव झाकून सर्वांसाठी झेरॉक्स आणावी. लाल शेरे नसलेली प्रत हवी, नाहीतर सगळ्यांचे डोळे शेऱ्यांवरच जातात.

वाचायची जी रीत मी सुचवतो, ती हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झिरो’ या शिक्षण-संशोधन केंद्रात स्टीव्ह सायडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस बांधली. तिचा क्रम असा. पान आणणारा शिक्षक सुरुवातीला काहीच सांगत नाही : मूल हुशार आहे की मागे, घरी काय परिस्थिती आहे, कोणत्या विषयावर लिहायला सांगितलं होतं, काहीच नाही. बाकीचे शांतपणे वाचतात. मग प्रत्येक जण पानावर जे दिसतं तेवढंच सांगतो, चांगलं-वाईट न म्हणता. त्यानंतर मनात आलेले प्रश्न विचारायचे, पण उत्तर लगेच द्यायचं नाही. नंतर अंदाज करायचा : हे मूल या पानावर काय साधायचा प्रयत्न करत असेल? एवढं झाल्यावर पान आणणारा शिक्षक बोलतो. शेवटी सगळे मिळून ठरवतात की या मुलाला पुढच्या आठवड्यात काय शिकवायचं.

समजा चौथीतल्या मुलाने असं लिहिलं आहे :

‘काल आमची शेळी व्याली. दोन पिल्लं झाली. एक काळं एक पांढरं. काळं उठलंच नाही. आई म्हनली गप बस. मी गप बसलो. मंग बाबानी खड्डा केला. पांढरं दूध पेत होतं.’

नेहमीच्या तपासणीत ‘म्हनली’, ‘गप’, ‘मंग’, ‘बाबानी’, ‘पेत’ यांवर खुणा होतील आणि ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे’ असा शेरा पडेल. आता गट काय पाहील? कुणी म्हणेल, आठ वाक्यं आहेत आणि एकही वाढवून-चढवून लिहिलेलं नाही. कुणी म्हणेल, मेलं हा शब्द पूर्ण पानात नाही, ‘उठलंच’मधल्या ‘च’ने ते काम केलं आहे. आईचं बोलणं आलं आहे, पण अवतरणचिन्ह नाही. शेवटी मूल पुन्हा पांढऱ्या पिल्लाकडे वळलं आहे. मग प्रश्न : हा विषय शिक्षकाने दिला की मुलाने निवडला? ते आधी कुणाला तोंडी सांगितलं होतं का? खड्डा केला तेव्हा मूल कुठे होतं? आणि अंदाज : एकाच दिवशी घडलेल्या दोन उलट गोष्टी त्याला एकत्र सांगायच्या आहेत आणि त्या सांगायची जागा त्याने वाक्यांच्या क्रमात शोधली आहे.

आता पुढचा पाठ आपोआप दिसतो. अवतरणचिन्ह शिकवायची हीच वेळ, कारण मुलाला आत्ता त्याची गरज आहे. ‘मी गप बसलो’ या वाक्यापाशी थांबून त्याला विचारायचं, ‘गप्प बसून तू काय बघत होतास?’ आणि आलेलं उत्तर त्याच जागी लिहायला सांगायचं. ‘पेत’ आणि ‘मंग’ यांचं काय करायचं यावर गटात वाद होईल. होऊ द्या. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, पावरी, कोरकू किंवा गोरमाटी बोलणारी मुलं ज्यांच्या वर्गात आहेत, त्या शिक्षकांचं याबाबत ऐकून घ्या. माझं मत असं की पहिल्या खर्ड्यात घरच्या बोलीला हात लावू नये. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२ला त्यांत भर पडलेले चार असे एकूण अठरा शुद्धलेखनाचे नियम आहेत. ते एकदम एका निबंधावर चालवले तर मूल पुढच्या वेळी तीनच वाक्यं लिहितं, पण बिनचूक. पान भिंतीवर लावायचं किंवा हस्तलिखितात जायचं असेल तेव्हा, शेवटच्या फेरीत, महिन्याला एकच नियम घेऊन सुधारणा करावी. बोलीतलं मूळ पानही जपून ठेवावं.

माध्यमिकच्या शिक्षकांसाठी याच वेळेत एक वेगळा सराव आहे. दहावीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखन येतं : पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन. परीक्षेकडे पाठ फिरवून चालणार नाही. त्यांनी एकाच प्रश्नाच्या काही उत्तरांच्या प्रती आणाव्यात, सगळ्यांनी आपापल्या कागदावर गुण द्यावेत आणि मग ते एकदम उघडावेत. एकाच पत्राला मिळालेल्या गुणांमधला फरक समोर आला की ‘आशय’ आणि ‘मांडणी’ म्हणजे नेमकं काय, यावर खरं बोलणं सुरू होतं. जे निकष तिथे ठरतील ते मुलांना लिहिण्याआधी सांगा, लिहून झाल्यावर नव्हे.

पायरी ५ : पाठ करून दाखवणं

पुढची चाळीस मिनिटं एका शिक्षकाची. त्याने आपल्या वर्गात जमलेला लेखनाचा एक पाठ बाकीच्यांवर घ्यायचा, आणि बाकीच्यांनी विद्यार्थी होऊन खरोखर लिहायचं. पाठाचं वर्णन करायचं नाही, पीपीटी दाखवायची नाही. उदाहरणार्थ, सातवीसाठी बातमी : सगळ्यांना खिडकीपाशी नेऊन पाच मिनिटं बाहेरचं पाहायला सांगायचं, मग जे दिसलं त्याची चार ओळींची बातमी, मग तीच घटना आजीला सांगितल्यासारखी. दोन कागद शेजारी ठेवले की भाषा कुठे बदलली हे मुलांनाच सापडतं. पाठ संपल्यावर विचारायचे प्रश्न तीनच : लिहिताना तुम्ही कुठे अडलात, कशाने सुटलात, माझ्या वर्गात यात काय बदलावं लागेल. उरलेल्या दहा मिनिटांत पुढच्या वेळी पान कुणाचं, पाठ कुणाचा, शाळा कुणाची हे ठरवून निघा.

नोंदवही आणि व्हॉट्सॲप

एक शंभर पानी वही पुरे. त्या दिवशी कोणतं पान वाचलं, काय दिसलं, काय करून पाहायचं ठरलं, आणि मागच्या महिन्यात ठरलेलं कुणी केलं, काय झालं. लिहिणारा दर वेळी वेगळा. व्हॉट्सॲप गट करायचा असेल तर पहिल्याच दिवशी नियम करा : सुप्रभात नाही, परिपत्रक नाही, अभिनंदनाचे फुलगुच्छ नाहीत. मुलांच्या लेखनाचे फोटो नाव आणि चेहरा वगळून, आणि तेही गटाबाहेर पाठवायचे नाहीत.

मुलाने काही गंभीर लिहिलं तर

मुलं खरं लिहू लागली की कधीकधी मार, भूक, घरातलं दारूचं भांडण, क्वचित याहून भयंकर काही कागदावर येतं. हे आधी बोलून ठेवायलाच हवं. असं पान गटाच्या वाचनात आणायचं नाही, त्याचा फोटो कुणाला पाठवायचा नाही. त्या पानावर शुद्धलेखनाची खूण करू नका. मुलाशी एकांतात, शांतपणे बोला. त्याने सांगितलं हे बरं केलं, एवढं त्याला कळू द्या. मुख्याध्यापकांना सांगा. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. इथे ‘गावात चर्चा होईल’ हा विचार मागे ठेवावा लागतो.

वर्षाच्या शेवटी : मुलांची पुस्तिका

एप्रिलच्या मोठ्या बैठकीत प्रत्येक शाळेतून निवडलेलं लेखन एकत्र करून झेरॉक्सची पुस्तिका काढा. निवड मुलांकडून करून घ्या. प्रत प्रत्येक शाळेत जाऊ द्या आणि जूनमध्ये पहिल्या आठवड्यात ती वर्गात वाचा. दुसऱ्या गावातल्या मुलाने शेळीवर लिहिलेलं वाचून आपल्या वर्गातलं मूल म्हैस, बोकड, घरावरचं पत्र्याचं छप्पर असं काहीतरी लिहायला घेतं. विषय द्यावा लागत नाही.

जपानमध्ये १९३०च्या दशकात ईशान्येकडच्या गरीब खेड्यांतल्या शिक्षकांनी हेच केलं. मुलांनी आपल्या रोजच्या जगण्याबद्दल लिहावं, अशी त्यांची ‘सेइकात्सु त्सुझुरिकाता’ नावाची चळवळ होती. मुलांचं लेखन हाताने छापून ते छोटे संग्रह काढत आणि शाळाशाळांत त्यांची देवाणघेवाण करत. महायुद्धाच्या काळात सरकारने यातल्या अनेक शिक्षकांना अटक केली. गरिबीबद्दल मुलांनी खरं लिहावं हे सत्तेला सोसलं नाही. युद्धानंतर ती चळवळ पुन्हा उभी राहिली. आपला अनुभव एकमेकांना लिहून कळवण्याची त्यांची सवय घ्यावी अशी आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं आहे, ते वर्गात आणि गटातही मोठ्याने वाचायला घ्या. आणि वर्षाला निदान एका सदस्याने आपल्या वर्गातल्या लेखनाबद्दल एखाद्या शैक्षणिक मासिकासाठी लेख लिहावा, बाकीच्यांनी त्याचा खर्डा वाचून द्यावा.

पैसा, पाहुणे, प्रमाणपत्र

खर्च म्हणजे झेरॉक्स आणि चहा. तो वर्गणीतून होतो. अनुदान मागू नका, कारण त्यासोबत फोटो, बॅनर आणि अहवाल येतो. गटशिक्षणाधिकारी किंवा डाएटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) अधिव्याख्याते यायचं म्हणाले तर आनंदाने बोलवा, पण त्यांनीही पहिली पंचवीस मिनिटं लिहायचं. उठून भाषण नाही. प्रमाणपत्र देऊ नका. ज्यांना त्यासाठी यायचं आहे त्यांच्यासाठी इतर कार्यक्रम आहेत.

अंतर असेल तर

गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळा, बडोदा-इंदूरकडचे मराठी शिक्षक, किंवा अमेरिकेत शनिवार-रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालवणारे पालक-शिक्षक यांना दर महिन्याला प्रत्यक्ष भेटणं जमणार नाही. ऑनलाइन बैठक दीड तासात आवरा : लिहिणं, वाचणं आणि एक पान, एवढंच. पाठ करून दाखवणं वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेटीसाठी राखा. घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलाचं मराठी पान वाचताना तर ‘जे दिसतं तेवढंच सांगा’ हा नियम अधिक कसोशीने पाळावा लागतो, कारण तिथे चुकाच आधी डोळ्यांत भरतात.

बदली झाली तर

गट मोडतो तो बहुतेक वेळा बदलीमुळे. ज्याच्या पुढाकाराने तो चालतो त्याची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली की पुढचा शनिवार तसाच जातो. म्हणून पहिल्या वर्षीच तारीख कळवण्याचं काम दोघांकडे ठेवा आणि ती जोडी दरवर्षी बदला. गळती होऊन तिघंच उरले तरी ठरलेल्या शनिवारी बसा. लिहा, एक पान वाचा आणि निघा. नवीन माणूस आणायचा तर एका वेळी एकच, म्हणजे तो गटाची रीत शिकतो आणि गटाची रीत मोडत नाही.

बदलून जाणाऱ्याला नोंदवहीची पूर्ण झेरॉक्स द्या. नव्या शाळेत पहिले तीन महिने त्याने फक्त आपल्या वर्गात काम करावं, शेजारच्या शाळांमधले लिहिते शिक्षक हेरावेत, आणि मग एकाला फोन करावा. त्याच्या पहिल्या बैठकीला जुन्या गटातल्या एकाने जावं, मुलाचं एक पान सोबत घेऊन.